ट्रिस्ट्रम : सोळा मजले खाली जाणारं गाव

काही गावं नकाशावर नसतात, तरी तिथे जाऊन आलेली माणसं जगभर भेटतात. ट्रिस्ट्रम हे असंच एक गाव. तिथे आगगाडी जात नाही की बस थांबत नाही. गावात एक खानावळ आहे, पण मुक्कामाला कुणी नाही. बोलायला मोजून आठ माणसं आणि रवंथ करणाऱ्या तीन गायी. दिवस कधी उजाडतच नाही, कायम तिन्हीसांजा झाल्यासारखा उजेड. गावाच्या एका टोकाला पडकं चर्च आहे आणि त्या चर्चच्या पोटात एकाखाली एक असे 16 मजले आहेत.

हे गाव 'डायब्लो' या व्हिडिओ गेममधलं. 1996 सरता सरता, नव्या वर्षाच्या तोंडावर हा खेळ बाजारात आला. तळघरात उतरायचं, राक्षसांशी लढायचं, सापडेल ते उचलायचं, जीव वाचवून वर यायचं आणि पुन्हा उतरायचं, एवढाच त्याचा सांगाडा. अशा भुयारी खेळांची जात त्याच्याही आधीची. 1980 मध्ये आलेल्या 'रोग' या खेळात तर चित्रंही नव्हती. पडद्यावरची अक्षरं आणि चिन्हं हेच राक्षस आणि ह्याच भिंती. पण या जातीच्या खेळांना घराघरात नेलं ते डायब्लोने. आज पंचवीसहून जास्त वर्षं झाली, तरी लोक तिथे परत परत जातात. कशासाठी जातात आणि गेल्यावर कशाने वैतागतात, ते सांगणारं हे प्रवासवर्णन.

नावामागचा खरा डोंगर

गाव काल्पनिक असलं तरी खेळाचं नाव मात्र खऱ्या जागेवरून आलंय. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात, सॅन फ्रान्सिस्कोच्या पूर्वेला 'माउंट डायब्लो' नावाचा डोंगर आहे. उंची 3,849 फूट, म्हणजे साधारण 1,173 मीटर. हिमालय पाहिलेल्यांना हा आकडा किरकोळ वाटेल. पण आजूबाजूचा मुलूख सखल असल्याने तो लांबूनही नजरेत भरतो, आणि स्वच्छ हवेत माथ्यावरून थेट सिएरा नेवाडाच्या रांगा दिसतात. डायब्लोची मूळ कल्पना ज्यांची, ते डेव्हिड ब्रेव्हिक शाळकरी वयात याच डोंगराच्या पायथ्याशी राहत होते. रोज दिसणाऱ्या डोंगराचं नाव त्यांनी उचललं आणि आपल्या राक्षसाला दिलं.

डोंगराला हे नाव पडलं त्याची गोष्टही मजेशीर आहे. स्पॅनिश अंमलात, 1805 च्या सुमारास, काही सैनिक पळून गेलेल्या मूळ रहिवाशांच्या मागावर होते. ती माणसं एका दाट झाडीत शिरली आणि रातोरात निसटली. हे सैतानाचंच काम, असं म्हणत सैनिकांनी त्या झाडीला 'मोंते देल दियाब्लो' म्हटलं. स्पॅनिशमध्ये 'मोंते'चा अर्थ झाडीही होतो आणि डोंगरही. पुढे इंग्रजी बोलणारे आले, त्यांनी डोंगर हा अर्थ घेतला आणि झाडीचं नाव काही मैलांवरच्या शिखराला चिकटलं. एका शब्दाच्या गैरसमजातून डोंगराला नाव मिळालं, आणि डोंगरावरून खेळाला.

गावात पाऊल ठेवल्यावर

ट्रिस्ट्रममध्ये पोचल्यावर पहिलं स्वागत करतं ते संगीत. मॅट युलमन यांनी बारा तारांच्या गिटारवर रचलेली ही धून धड उदासही नाही आणि धड आनंदीही नाही. ज्या घरात काहीतरी बिनसलंय, पण पाहुण्यांसमोर कुणी बोलत नाही, अशा घरात शिरल्यावर जसं वाटतं तसं ती ऐकून वाटतं. अनेकजण खेळ सुरू करून नुसते गावात उभे राहतात आणि धून ऐकतात, ते उगीच नाही.

मग माणसं भेटतात. मधल्या कारंज्यापाशी डेकार्ड केन हे वृद्ध गृहस्थ उभे असतात. खाली सापडलेली जादूची वस्तू नेमकी काय आहे, हे ते 100 नाणी घेऊन सांगतात. ग्रिसवोल्ड लोहार तलवारी विकतो आणि मोडकी चिलखतं दुरुस्त करतो. पेपिन वैद्य जखमा बऱ्या करतो, त्याचे पैसेही घेत नाही. ऑग्डेन खानावळ चालवतो. तिथे काम करणारी गिलियन आजीच्या काळजीने हे गाव सोडून जात नाही. नदीपलीकडे एकटी राहणारी एड्रिया जादूची पुस्तकं आणि औषधं विकते. फार्नहॅम सतत दारू पितो. आणि एका कोपऱ्यात लाकडी पायाचा वर्ट उभा असतो. वय कोवळं, पण व्यवहार पक्का. नुसता माल दाखवायलाच आधी 50 नाणी मागतो!

या माणसांशी नीट बोललं तर गावाचं दुखणं हळूहळू कळतं. लॅझरस नावाच्या धर्मगुरूने राजाच्या लहान मुलाला पळवलं. मुलाला सोडवायला चला म्हणून त्यानेच गावकऱ्यांना तळघरात नेलं आणि तिथे राक्षसांच्या तोंडी दिलं. फार्नहॅम त्यातून वाचलेला. तो दारू का पितो, हे तेव्हा उमगतं. वर्टला राक्षसांनी ओढून नेलं होतं, ग्रिसवोल्डने त्याला वाचवलं, पण पाय गेला. त्या पोराच्या हावरटपणामागे काय आहे, तेही तेव्हाच कळतं. एवढ्याशा संवादांत आठ माणसं उभी करायची, हे या खेळाचं मोठं बळ. घाईघाईत खेळणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. त्याला फक्त आठ दुकानदार भेटतात.

आणि गायी? त्यांच्यावर क्लिक केलं की त्या हंबरतात, बस. पण ठराविक वेळा क्लिक केलं तर गायींचं गुप्त जग उघडतं, अशी अफवा त्या काळी सगळीकडे पसरली. तसं काही नव्हतं. मात्र निर्मात्यांना ती अफवा इतकी आवडली, की दुसऱ्या भागात त्यांनी खरंच गायींचा एक गुप्त मुलूख घालून टाकला.

पायऱ्या उतरताना

तळघराचे चार भाग, प्रत्येकी चार मजल्यांचे. पहिले चार मजले चर्चचे: दगडी कमानी, मोडकी बाकडी, जाळीच्या खिडक्या. पाच ते आठ जुनी दफनस्थानं, अरुंद आणि कोंदट. नऊ ते बारा लाव्हाच्या प्रवाहांनी कापलेल्या गुहा. तेरा ते सोळा म्हणजे प्रत्यक्ष नरक. पाचव्या, नवव्या आणि तेराव्या मजल्यावर पोचलं की गावाकडे येणारी एक थेट वाट उघडते. थकलेल्या प्रवाशाला हा मोठा दिलासा.

खरी करामत अंधाराची. तुमच्याभोवती थोडासाच उजेड असतो, त्यापलीकडचं दिसत नाही. दार ढकलायच्या आधी आत किती जण आहेत, हे माहीत नसतं. कानावर मात्र सगळं येतं: हाडांचा खुळखुळाट, कुठेतरी पडणारं पाणी, अंगावर धावून येणारं कुणीतरी. दुसऱ्या मजल्यावर रक्ताने माखलेली एक बंद खोली असू शकते. तिच्यातला खाटीक बाहेर येतो तो सरळ तुमच्यावर. डायब्लो खेळलेल्या कुणालाही त्या दाराबद्दल विचारा, चेहऱ्यावर लगेच ओळख दिसेल.

राक्षसांच्याही तऱ्हा आहेत. 'फॉलन' नावाची लाल बुटकी मंडळी भित्री. एकाला मारलं की बाकीची पळ काढतात आणि धीर आला की परत येतात. 'स्कॅव्हेंजर' मेलेल्यांची प्रेतं खाऊन आपली ताकद भरून काढतात. घोळक्याने येणाऱ्यांशी मोकळ्यावर लढायचं नसतं, दाराच्या चौकटीत उभं राहायचं असतं, म्हणजे एका वेळी एकच जण समोर येतो. हे कुणी शिकवत नाही. दोन-तीनदा मरून आपलं आपणच शिकावं लागतं.

हा खेळ सुरुवातीला आळीपाळीने चाली करण्याचा होता. आधी तुमची चाल, मग राक्षसाची, बुद्धिबळासारखी. पुढे तो थेट चालणारा करावा असं ठरलं आणि ब्रेव्हिक यांनी काही तासांत तसा बदल करून पाहिला. सांगाड्यावर क्लिक केलं, नायक चालत गेला, गदा फिरवली आणि सांगाडा कोसळला. खेळाचं नशीब तिथेच ठरलं. आज मोबाइलवरच्या कितीतरी खेळांत तोच ठोका आणि तोच आनंद आहे.

एकच गाव, वेगळ्या वाटा

या खेळाचं सगळ्यात मोठं वैशिष्ट्य म्हणजे तळघराचा नकाशा दर नव्या खेळात नव्याने आखला जातो. खोल्या, जिने, राक्षस, सापडणाऱ्या वस्तू, सगळं बदलतं. गावकऱ्यांनी सांगितलेली कामंही प्रत्येक वेळी सगळी मिळत नाहीत. एका खेपेला खाटीक भेटेल, दुसऱ्या खेपेला भेटणारही नाही.

माझा मोठा भाऊ बडोद्याला असतो, मी हैदराबादला. वयं वाढली, संसार झाले, आणि दर रविवारच्या फोनवरचं बोलणं आक्रसत गेलं. तब्येत, पाऊस, मुलांच्या परीक्षा. पाच मिनिटांत दोघांचेही विषय संपायचे. मग दोन वर्षांपूर्वी दादाने हा जुना खेळ पुन्हा लावला आणि मलाही लावायला सांगितला.

गंमत अशी, की आम्ही एकाच गावात होतो, पण आमची तळघरं वेगळी होती. 'डावीकडे वळ, तिथे जिना आहे,' असं तो मला सांगूच शकत नव्हता. माझा जिना भलतीकडेच असायचा. त्यामुळे सांगायला उरायचं ते वाटेपेक्षा शहाणपण: सहाव्या मजल्यावर किती औषधं न्यावीत, कुठे थांबावं, कुठे अब्रू गुंडाळून सरळ पळ काढावा. मी जादूगार घेऊन लांबून अग्निबाण सोडायची, तो योद्धा घेऊन अंगावर जायचा. "तू फार सांभाळून खेळतेस," तो म्हणायचा. "आणि तू फार धडका मारतोस," मी म्हणायचे. हे बोलता बोलता एका रविवारी नोकरी सोडायचा विचार त्याने सांगितला. तो त्याने घरात कुणालाच सांगितला नव्हता. तब्येतीवरून पावसाकडे जाणाऱ्या पाच मिनिटांच्या फोनमध्ये ते कधी आलं नसतं.

लहानपणी आम्हाला एकाच पुस्तकाची दोन टोकं धरून वाचायची सवय होती. या खेळाने दोघांना दोन वेगळी पुस्तकं दिली, पण गोष्ट एकच ठेवली. माझ्या मते त्याची ही सगळ्यात मोठी देणगी.

काय खटकतं?

आता तक्रारी. त्याही भरपूर आहेत.

पहिली, चाल. या गावात धावता येत नाही. एड्रियाची झोपडी नदीपार, वर्ट दुसऱ्या टोकाला आणि तुमचा शूर नायक जेवण झाल्यावर शतपावली घातल्यासारखा चालतो. तळघरात हा संथपणा भीती वाढवतो, म्हणून खपतो. गावात मात्र जांभया येतात.

दुसरी, पिशवी. सामान ठेवायला 40 घरं. चिलखत त्यातली सहा खातं. सोन्याची नाणीही जागा घेतात, एका घरात जास्तीत जास्त 5,000. म्हणजे एक लाख नाणी जमवली की निम्मी पिशवी पैशांनीच भरली. आणि गावात तिजोरी नाही, पेटी नाही. मग लोक काय करतात? नाण्यांचे ढीग गावातल्या जमिनीवर रचून ठेवतात. बिचारे गावकरी प्रामाणिक, एक नाणं उचलत नाहीत. दृश्य मजेदार दिसतं, पण दर फेरीला हा हमालीचा उद्योग नको होतो.

तिसरी, कायमचं नुकसान. 'ब्लॅक डेथ' नावाचं एक प्रेत आहे. त्याचा प्रत्येक फटका तुमची आयुष्यशक्ती एका अंकाने कायमची कमी करतो. औषधाने ती परत येत नाही. तळघरातल्या देवळ्याही अशाच फसव्या. हात लावल्यावर काय होईल, हे नावावरून कळत नाही. काही वरदान देतात, काही एखादी विद्या शिकवून मोबदल्यात जादूची शक्ती कायमची घटवतात. जोखमीची मजा आहे हे मान्य, पण माहितीच दिली नाही तर ती निवड राहत नाही, लॉटरी होते.

चौथी, तळाचे मजले. तेराव्या मजल्याच्या पुढे असे मांत्रिक भेटतात, की जवळ गेलं की अदृश्य होतात आणि दुसरीकडे प्रकट होऊन आग फेकतात. लांबून मारणाऱ्याला ते जमून जातं. तलवारवाल्याची मात्र नुसती पळापळ. दादाचा योद्धा त्या मजल्यावर लढला कमी आणि धावला जास्त, तेही धावता येत नसताना!

पाचवी, क्लिकचा मारा. लढाई म्हणजे क्लिकवर क्लिक. तासाभराने बोटं आणि मनगट बोलू लागतात. संगणकावर सतत काम करणाऱ्यांनी हे हलक्यात घेऊ नये.

इंटरनेटवर चौघांनी मिळून खेळायची सोय तेव्हा नवलाची होती. पण खेळाडूची सगळी माहिती त्याच्या स्वतःच्याच संगणकावर साठायची, त्यामुळे फसवेगिरी सोपी झाली. कुणीही स्वतःला अजिंक्य करून यायचा. अनोळखी लोकांसोबत खेळण्यातली मजा त्यामुळे लवकर आटली.

शेवट, आणि त्यानंतरचं गाव

ज्यांना शेवट आधी कळू द्यायचा नाही, त्यांनी हा भाग सोडून पुढे जावं.

सोळाव्या मजल्यावर डायब्लो मरतो. पण मेल्यावर त्याचं शरीर बदलत जातं आणि जमिनीवर एक लहान मुलगा उरतो. ज्याच्या शोधात गाव उद्ध्वस्त झालं तोच राजपुत्र. मग नायक मुलाच्या कपाळातला मणी काढतो आणि राक्षसाला आपल्या आत कोंडून ठेवता येईल, या भरवशावर स्वतःच्या कपाळात खुपसतो. ढोल नाहीत, मिरवणूक नाही. हा शेवट ज्यांना पटत नाही, त्यांचं मला कळतं. इतकं झगडून हातात काय आलं, असं वाटतंच.

2000 मध्ये दुसरा भाग आला. त्यात पुन्हा ट्रिस्ट्रमला जावं लागतं. गाव जळत असतं. केन एका पिंजऱ्यात अडकलेले असतात, त्यांना सोडवता येतं. ग्रिसवोल्ड राक्षस होऊन अंगावर येतो. वर्टचं प्रेत पडलेलं असतं आणि शेजारी त्याचा लाकडी पाय. पहिल्या भागात ज्याच्याशी 50 नाण्यांवरून कुरकुर केली, त्याचं असं व्हावं हे मनाला लागतं.

खेळाची ताकद मला इथेच दिसते. तळघरातल्या शेकडो राक्षसांपैकी एकाबद्दलही काही वाटत नाही. वरच्या आठ माणसांबद्दल वाटतं. आपण खाली उतरत होतो ते सोन्यासाठी की त्यांच्यासाठी, हा प्रश्न दुसरा भाग न विचारता विचारतो. माझ्या मनात उत्तर दोन्ही बाजूंनी झुकतं. जमिनीवर रचलेले नाण्यांचे ते ढीग आठवतात आणि थोडं अवघडायला होतं.

जायचं असेल तर

* कुणी जावं? खेळात रक्तपात भरपूर आहे. अमेरिकेत त्याला 17 वर्षांवरच्यांसाठीचं मानांकन मिळालं आहे. लहान मुलांना हा खेळ देऊ नका. मोठ्या मुलांना द्यायचा तर आधी स्वतः तासभर खेळून बघा.

* कसं जाल? 2019 पासून हा जुना खेळ आजच्या संगणकांवर चालेल अशा रूपात पुन्हा विकत मिळतो. विकत घेतलेल्या खेळाची मूळ फाइल असेल, तर 'डेव्हिल्यूशन-एक्स' या मुक्त प्रणालीच्या मदतीने तो अँड्रॉइड फोनवरही चालतो. त्यात गावात धावण्याची सोयही चालू करता येते.

* कोण होऊन जाल? पहिल्यांदा जाणाऱ्याने योद्धा घ्यावा, चार फटके जास्त सोसतो. बाण मारणारी 'रोग' मधल्या मजल्यांवर सुखाची. जादूगार सुरुवातीला नाजूक असतो, पण शेवटी सगळ्यांत भारी पडतो.

* सोबत काय न्याल? गावात परतायचा मंत्र लिहिलेली एक तरी गुंडाळी कायम जवळ ठेवा. कंबरपट्ट्यात औषधांना आठ जागा आहेत, त्या भरल्याशिवाय उतरू नका. खेळ वारंवार सेव्ह करा.

* किती वेळ? एका बैठकीत एक मजला पुरे. मधे मनगटाला विसावा द्या.

आणि शक्य असेल तर एकट्याने जाऊ नका. शेजारी बसून खेळायला हवं असं नाही. दुसऱ्या शहरातल्या भावाला, मैत्रिणीला किंवा कॉलेजात गेलेल्या लेकाला सांगा, की तूही त्याच गावात उतर. प्रत्येकाचं तळघर वेगळं असेल. म्हणूनच रविवारी विचारायला काहीतरी असेल: "कितव्या मजल्यावर आहेस?"